मंगळवार-शुक्रवारची संध्याकाळ: डायलिसिसच्या एका जागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरातलं हे डायलिसिस केंद्र. जागा महापालिकेची, चालवायला एक धर्मादाय न्यास, आणि दर खासगी केंद्रांपेक्षा बराच कमी. कुर्ला, चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, ट्रॉम्बे या पट्ट्यातले रुग्ण इथे येतात. मी केंद्राच्या समितीवर समाजसेवेच्या बाजूने होते. कुणाची ओळख पटू नये म्हणून वयं, व्यवसाय आणि काही आकडे बदलले आहेत. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

केंद्रात दहा मशीन. त्यातलं एक हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी वेगळं ठेवावं लागतं, संसर्ग पसरू नये म्हणून त्यावर दुसऱ्या कुणाला घेता येत नाही. उरली नऊ. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच अशा तीन शिफ्ट आणि रविवारी सुट्टी, म्हणजे आठवड्याला 162 सेशन. सत्तर रुग्ण आठवड्यातून दोनदा येत, सात रुग्ण तीनदा. उरलेलं एक सेशन अडीअडचणीला मोकळं ठेवलेलं. यापलीकडे एक माणूससुद्धा बसवायला जागा नव्हती.

किडनी पूर्ण निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास डायलिसिस मिळावं, हे जगभर धरून चाललेलं प्रमाण. आपल्याकडे पैशांअभावी आणि जागेअभावी बहुतेकांचं दोनदावर भागवलं जातं. त्यामुळे ‘किती जणांना’ आणि ‘किती वेळा’ हे दोन प्रश्न या केंद्रात कधीच वेगळे नव्हते. सात जणांना जास्त मिळत होतं म्हणून तिघांना काहीच मिळत नव्हतं, असा तो हिशेब. तो कुणी मांडलेला नव्हता एवढंच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवार-शुक्रवार संध्याकाळची एक जागा रिकामी झाली. जागा रिकामी होण्याची कारणं मोजकी असतात: कुणाचं प्रत्यारोपण होतं, कुणी गावाला कायमचं जातं, नाहीतर कुणी जातंच. या वेळी तिसरं होतं.

अडचण

केंद्राची प्रतीक्षायादी एका जाड वहीत होती. नियम सरळ, ज्याचं नाव आधी त्याला जागा आधी. जागा निघाली की वरून फोन लावायचे, दोनदा फोन लागला नाही तर समोर ‘संपर्क नाही’ लिहून पुढच्याकडे जायचं. नियम दिसायला इतका स्वच्छ की त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. लोकांचा राग असायचा तो चिठ्ठ्यांवर. अमक्या लोकप्रतिनिधीची चिठ्ठी आली, तमक्या ट्रस्टींचा फोन आला, याबद्दल व्हरांड्यात सतत कुजबुज.

या वेळी तीन नावांवर चर्चा आली.

पहिले काका. वय एकसष्ट, खासगी इमारतीत वॉचमन होते. यादीत पहिला नंबर, सात महिने थांबलेले. तोवर चेंबूरच्या एका खासगी केंद्रात आठवड्यातून दोनदा जात होते. बायकोचे दागिने त्यातच गेले, मुलाच्या पगारातून उरलेलं भागत होतं. केशरी शिधापत्रिका असल्यामुळे ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत होते, पण घराजवळच्या ज्या दोन योजनेतल्या रुग्णालयांत गेले तिथेही नाव यादीतच लागलं. हक्क कागदावर होता, मशीन नव्हतं. हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी छोट्या शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, तयार. तब्येत स्थिर.

दुसरी ताई. वय चौतीस, मानखुर्दला राहणारी, घरकाम करणारी, दोन लहान मुलं. यादीत नववी. तिला ठरलेलं डायलिसिस कुठेच नव्हतं. धाप लागली, रात्री आडवं होता येईना, की मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं, तिथे तातडीने एक डायलिसिस करून घ्यायचं आणि घरी यायचं. पुन्हा धाप लागेपर्यंत थांबायचं. मानेत तात्पुरती नळी, तिला एकदा जंतुसंसर्ग होऊन गेलेला.

तिसरा एक तरुण. सव्वीस वर्षांचा, घरोघरी पार्सलं पोचवायचं काम करायचा. यादीत पाचवा. आई किडनी द्यायला तयार होती, तिच्या तपासण्या सुरू होत्या. त्याच्या अर्जाला एका लोकप्रतिनिधीचं पत्र जोडलेलं.

नियमाने जागा काकांची होती, आणि पत्र बाजूला ठेवलं तर विषय दहा मिनिटांत संपला असता. पण आमच्या प्रमुख टेक्निशियनने बैठकीआधी यादी वाचताना एक गोष्ट लक्षात आणून दिली. वरची वीस नावं बघा, त्यातले सोळा जण कुठे ना कुठे पैसे भरून डायलिसिस घेतायत.

ते तसंच असणार होतं. डायलिसिसशिवाय सात महिने कोण काढणार? ज्याच्याकडे विकायला दागिने आहेत, पगारदार मुलगा आहे, तोच यादीत वर सरकत राहतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो मधल्या नंबरावरच संपतो, आणि त्याच्या नावापुढे ‘संपर्क नाही’ एवढंच लिहिलं जातं. चिठ्ठ्यांमुळे वर्षाला एखाद-दुसरी जागा इकडची तिकडे होत असेल. हा प्रकार मात्र रोज चालू होता, आणि त्यात कुणाचाही हात नव्हता.

आम्ही वर्षभरातली ‘संपर्क नाही’वाली नावं काढली. एकोणीस. वस्तीतल्या आरोग्य सेविकांना पत्ते दिले. काही जण वारले होते, काही गावी गेले होते. सहा जण हयात होते, मुंबईतच होते. कुणाचा नंबर बदलला होता, कुणाचा फोन घरात एकच आणि तो नवऱ्यासोबत कामावर. एका घरी तर सेविकेला विचारलं, “आमचं नाव अजून आहे ना वहीत?”

समोरचे पर्याय

समितीत पाच जण होतो: भेट देणारे नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर), प्रमुख टेक्निशियन, न्यासाचे सचिव, महापालिकेचे वैद्यकीय अधिकारी आणि मी. बैठक ठरायला बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत यादीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या बाई गेल्या. निरोप द्यायला लावलेला फोन त्यांच्या मुलाने उचलला. विचार करायला घेतलेला वेळही कुणाच्या तरी वाट्यातून जातो, हे त्यानंतर बैठकीत कुणाला सांगावं लागलं नाही.

पहिला पर्याय अर्थातच नंबराप्रमाणे जाण्याचा. सचिवांचा मुद्दा साधा होता आणि मला तो आजही वजनदार वाटतो. काकांना सात महिने आपण एकच गोष्ट सांगत आलो, तुमचा नंबर आला की मिळेल. आता नंबर आल्यावर नियम बदलला तर आपल्या शब्दावर पुढे कोण विश्वास ठेवील?

दुसरा, ज्याच्या जिवाला धोका जास्त त्याला आधी. डॉक्टरांचा कल इकडे. पण यात दोन अडचणी. काकांसारखा माणूस मग कधीच वर येणार नाही, कारण त्याच्यापेक्षा गंभीर कुणीतरी कायम असणारच. त्याचे पैसे संपून तो स्वतः कॅज्युअल्टीत पोचला की मगच त्याची पाळी. शिवाय बाहेरच्या डॉक्टरांना हा निकष कळला की प्रत्येक चिठ्ठीवर ‘तातडीचे’ असा शेरा येऊ लागेल.

तिसरा, ज्याला जागा थोड्या काळासाठी हवी त्याला आधी. तरुणाचं प्रत्यारोपण झालं तर जागा काही महिन्यांत परत मिळणार होती, काकांना दिलेली कदाचित दहा वर्षं अडणार होती. हिशेबाला हे पटतं. पण याच्याच थोडं पुढे गेलं की आपण दक्षिण आफ्रिकेत पोचतो. डर्बनच्या एका सरकारी रुग्णालयाचा नियमच होता की नियमित डायलिसिस प्रत्यारोपणाला पात्र असेल त्यालाच. थियागराज सूब्रमनी या एक्केचाळीस वर्षांच्या रुग्णाने त्याविरुद्ध दाद मागितली. 1997 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने नियम वाजवी ठरवला आणि निकालानंतर काही दिवसांतच ते वारले. त्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्याचीही चर्चा आहे. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं, आणि पैशांची चणचण ही सबब चालणार नाही असं आपल्या न्यायालयाने म्हटलं होतं. आफ्रिकेतल्या न्यायाधीशांनी फरक दाखवला तो असा की ती अपघातातली तातडी होती, हे जन्मभराचे उपचार आहेत. आमच्या ताईला हा फरक कसा लावायचा? तिचं तर जन्मभराचं डायलिसिस दर खेपेला तातडी होऊनच मिळत होतं.

चौथा, माणूस बघून ठरवणं: घरात कमावतं कोण, मुलं किती, समाजाला उपयोग काय. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हे सुचवलं, ताईची दोन मुलं समोर होती म्हणून. मी विरोध केला. 1962 मध्ये अमेरिकेत सिएटलला डायलिसिस नवं असताना सात नागरिकांची समिती असंच ठरवायला बसली होती, आणि लग्न, नोकरी, चर्चला जाणं असल्या गोष्टी निकषांत शिरल्या. मुलं नसलेल्या बाईचा जीव कमी मोलाचा, असं एकदा वहीत लिहिलं की ते पुसता येत नाही.

पाचवा, तीनदा येणाऱ्या सातांचा फेरविचार. त्यांतल्या चौघांचं हृदय कमजोर, त्यांना हात लावायचा प्रश्न नव्हता. उरलेल्या तिघांना तिसरं सेशन पूर्वी कधीतरी सुरू झालं आणि चालूच राहिलं.

बाकीचे पर्याय लवकर संपले. रात्रीची चौथी शिफ्ट म्हटलं तर एका माणसाच्या चार तासांच्या डायलिसिसला साधारण 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी मशीनमधून जातं. आमचा आरओ प्लांट तेवढा ताण सोसणार नव्हता, आणि टेक्निशियनही नव्हते. घरच्या घरी पोटातून डायलिसिस करायचं तर रोज तीन-चार वेळा पिशवी बदलायला स्वच्छ कोपरा हवा, महिन्याभराचे खोके ठेवायला जागा हवी. ताईच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, शिवाय बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जाते. अशा दोन ठिकाणी मी स्वतः विचारून आले. वर्षाला शंभरावर सेशन, तीही बेमुदत, म्हटल्यावर दोन्हीकडे निधी शिल्लक नसल्याचं सांगितलं. हिपॅटायटिसच्या मशीनच्या दोन शिफ्ट रिकाम्या असतात, त्यावर कुणाला का घेत नाही, असं सचिवांनी विचारलं. टेक्निशियनने हात जोडले.

काय ठरलं, काय केलं

बैठकीआधीच डॉक्टरांनी ताईला फोन करून संध्याकाळची जागा घेशील का विचारलं होतं. तिने नाही म्हटलं. पाचची शिफ्ट, सुटायला साडेनऊ, मग हार्बर लोकलने मानखुर्द, आणि स्टेशनपासून वस्तीपर्यंत अंधारातून पायी. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतो, पाय लटपटतात. शिवाय तिची पोळ्यांची कामं संध्याकाळची. डॉक्टर चिडले, “जीव महत्त्वाचा की काम?” ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, काम गेलं तर भाडं थकणार. मग जीव ठेवू कुठे?”

म्हणजे आम्ही ‘एक जागा’ म्हणत होतो ती सगळ्यांसाठी एकसारखी नव्हतीच. सकाळची शिफ्ट सगळ्यांना हवी, ती जुन्या रुग्णांकडे. दोघांना अदलाबदलीबद्दल विचारलं, दोघांनी नकार दिला. एक जण सात वर्षं सकाळी येत होते, त्यावर त्यांचं दुकान चाले. त्यांच्यावर सक्ती करायची आमची तयारी नव्हती.

शेवटी ठरलं ते असं. संध्याकाळची जागा काकांना, जुन्या नियमाने. नियम पुढे बदलायचा, मागे नाही. तिघांच्या तिसऱ्या सेशनचा डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये आढावा घेतला: दोन डायलिसिसच्या मधे अंगात साठणाऱ्या पाण्याने वजन किती वाढतं, पोटॅशियम किती, लघवी अजून किती होते. दोघांचं दोनदावर भागेल असं निघालं. वारांची थोडी हलवाहलव करून बुधवार-शनिवार सकाळची जागा निघाली, ती ताईला. सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी ती आली. ठरलेली जागा मिळाल्यामुळे तिच्या हातात फिस्टुला करायचीही तारीख लागली. कायम धापेवर पळणाऱ्या बाईचं ते तोवर कुणी मनावर घेतलं नव्हतं.

यादीचे दोन भाग केले. पहिल्यात ज्यांना कुठेच ठरलेलं डायलिसिस नाही ते, दुसऱ्यात बाहेर पैसे भरून घेणारे. तीन जागा निघाल्या तर दोन पहिल्याला, एक दुसऱ्याला. दाता ठरलेला असेल त्याला सहा महिन्यांची मुदतीची जागा. नाव वगळायचं तर आधी आरोग्य सेविकेची घरभेट. यादी नावांशिवाय, फक्त नोंदणी क्रमांकाने, दाराशी लावायची.

चिठ्ठ्यांचंही एक वळण लावलं. पत्र आलं की फाइलला लावायचं आणि पत्र देणाऱ्याला लेखी उत्तर पाठवायचं: आपण शिफारस केलेल्या रुग्णाचा क्रमांक अमुक, नियम असे. वाटलं होतं भांडणं होतील. झालं उलटंच. बहुतेकांना मतदारापुढे ठेवायला एक कागद हवा असतो, तो मिळाला की पुढचा फोन येत नाही.

पुढे काय झालं

ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि ज्या दोघांचं तिसरं सेशन काढलं होतं त्यांच्यातले एक जण फुफ्फुसात पाणी भरून दाखल झाले. आढावा ऑगस्टचा होता. पावसाळ्यात तहान कमी, वजन कमी वाढतं. त्याच माणसाला ऑक्टोबरच्या उन्हात पाणी आवरेना. त्यांचं सेशन परत द्यावं लागलं, आणि ते गेलं अडीअडचणीच्या त्या एकमेव मोकळ्या सेशनमधून. म्हणजे ताईच्या जागेची किंमत सगळ्या सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर रुग्णांनी मिळून दिली. आता कुणाला मधेच त्रास झाला तर केंद्रात सोय नव्हती.

दोन भागांच्या यादीतली मेख महिन्याभरात लोकांना कळली. ‘मला कुठेच मिळत नाही’ म्हणणारे वाढले. इथे टेक्निशियनचा डोळा कामाला आला. नोंदणीला आलेल्या एका गृहस्थांची बाही वर करायला सांगितली, तर फिस्टुलावर एकाशेजारी एक दोन ताज्या सुयांच्या खुणा, फार तर परवाच्या. विचारल्यावर गृहस्थ गप्प बसले. मग बायको बोलली: खासगीत जातो हे खरं, पण पैसे व्याजाने काढलेत, आणि या महिन्यानंतर सावकार देणार नाही. खोटं बोलले होते, पण महिनाभराने तेच खरं होणार होतं. आमच्या दोन भागांच्या मधे ते नेमके उभे होते. त्यांना दुसऱ्या भागात टाकलं. यावर माझं आणि टेक्निशियनचं अजून एकमत नाही.

हयात निघालेल्या सहा जणांना मूळ नंबर परत दिले. त्यांतल्या दोघांना वर्षभरात जागा मिळाली. काका नियमित येतात. त्यांच्या मुलाने एकदा हसत विचारलं, “नवा नियम सहा महिने आधी आला असता तर आमचं काय झालं असतं?” उत्तर त्यालाही माहीत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

समितीत एकही रुग्ण नव्हता. शिफ्टचा प्रश्न, परतीच्या वाटेचा प्रश्न ताईच्या नकारानंतर कळला. डायलिसिसवरचं कुणीही माणूस तो पहिल्या पाच मिनिटांत बोललं असतं. दोन जुन्या रुग्णांना समितीवर घ्यायचा ठराव नंतर झाला. मात्र स्वतः यादीत नसलेले, ज्यांची जागा पक्की आहे असेच रुग्ण तिथे येणार, आणि तिसऱ्या सेशनचा विषय निघाला की त्यांचं हित आडवं येणार. यादीतल्या एखाद्याला घ्यावं असं माझं म्हणणं होतं, ते मान्य झालं नाही.

तिसऱ्या सेशनचा आढावा एका महिन्याच्या वजनांवर घ्यायला नको होता. किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा समोर हवा. पण तेवढं थांबायचं तर ताईला कॅज्युअल्टीच्या दारात आणखी वर्ष काढावं लागलं असतं. तिसरं सेशन काढून लगेच जागा वाटून न टाकता दोन महिने ती फक्त तात्पुरती द्यायची, असा मधला मार्ग निघू शकला असता. तसं ताईला स्पष्ट सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं काम माझ्याकडेच आलं असतं.

बारा दिवसांची दिरंगाई टाळता येण्यासारखी होती. आता जागा निघाल्यापासून तीन दिवसांत दोन सदस्य फोनवर निर्णय घेतात, बाकीचे नंतर तपासतात. निर्णय पटला नाही तर अर्ज कुठे करायचा, हे अजूनही दाराशी लावलेल्या कागदावर नाही.

मुदतीच्या जागेचं टोक मोकळंच राहिलं. त्या तरुणाला नोव्हेंबरमध्ये अशी जागा मिळाली. पत्रामुळे नव्हे, नव्या नियमाने. तपासण्यांत आईला क्षयरोग निघाला. सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स, त्यानंतरच प्रत्यारोपणाचं बोलायचं. मेमध्ये त्याची मुदत संपली. नियमाप्रमाणे मशीन सोडायचं, पण सोडून त्याने जायचं कुठे, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. पहिल्या भागात त्या दिवशी चौदा नावं होती. समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी मुदत तीन महिने वाढवली. मी वाढवण्याच्या बाजूने होते, डॉक्टर विरोधात. पुढची बैठक ऑगस्टमध्ये आहे.